मुलांची गरिबी मोजायची कशी आणि सगळ्यांत मागे राहिलेलं मूल शोधायचं कसं

तालुक्यातली सर्वांत गरजू मुलं कोणती, असं विचारलं की बहुतेकांचा हात आधी रेशनकार्डाकडे जातो. पिवळं कार्ड म्हणजे गरीब, केशरी म्हणजे जरा बरं, पांढरं असेल तर पुढचं घर. पण कार्ड घराचं असतं, आणि तेही कधीकाळी नोंदवलेल्या उत्पन्नावरचं. त्या घरातली बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला शाळा बुडवते का, दीड वर्षाच्या बाळाचं वजन गेले तीन महिने वाढलंय का, यातलं काही कार्डावर लिहिलेलं नसतं.

संस्थेत नव्याने रुजू झालेले कार्यकर्ते, समाजकार्याचे विद्यार्थी आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात 'बालस्नेही गाव' हा विषय हाती घेतलेले सदस्य यांच्यासाठी हे लिहितो आहे. संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. एक्सेलमध्ये बेरीज आणि भागाकार आला की पुरतं. अवघड भाग गणिताच्या आधी आणि नंतर येतो.

आधी ठरवा: 'किती' हवंय की 'कोण' हवंय?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकात मिसळल्यामुळे कितीतरी सर्वेक्षणं वाया जातात. 'किती' या प्रश्नाला नमुना पुरतो. एखाद्या तालुक्यातल्या वंचित मुलांचं प्रमाण पाच टक्के इकडेतिकडे धरून, ९५ टक्के खात्रीने सांगायचं असेल तर साध्या नमुन्यात साधारण ३८५ मुलं लागतात. पण आपण गावं निवडून त्या गावांतली घरं घेतो, आणि एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. म्हणून हा आकडा दीडपट ते दुप्पट करावा लागतो. ७७० मुलांचा नीट घेतलेला नमुना तालुक्याचं चित्र चांगलं दाखवतो. मात्र त्याच नमुन्याचे जात, लिंग, वय आणि गाव असे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची टक्केवारी छापू नका. शेवटी एकेका खणात आठ-दहा मुलं उरतात आणि त्यांवर कुणीतरी धोरण रचतं.

'कोण' या प्रश्नाला नमुना उत्तर देऊच शकत नाही. नमुन्यात न आलेल्या घरातलं मूल तुमच्यासाठी अस्तित्वातच नसतं. नावं हवी असतील तर प्रत्येक मुलाची नोंद करावी लागते. एका ग्रामपंचायतीचं काम असेल तर सरळ संपूर्ण गणना करा. जिल्ह्याचं असेल तर नमुन्याने सर्वांत बिकट पट्टे शोधा आणि फक्त तिथे घरोघरी जा.

तयार आकडे कुठपर्यंत नेतात

काम सुरू करण्याआधी नीती आयोगाचा राष्ट्रीय बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वाचून घ्या. पहिला अहवाल २०२१ मध्ये आला, दुसरा २०२३ मध्ये. ते अनुक्रमे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीवर बेतलेले आहेत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन आयाम, त्यांत मिळून १२ निर्देशक, आणि भारांकित वंचना, म्हणजे प्रत्येक उणिवेला तिच्या महत्त्वाप्रमाणे गुण देऊन केलेली बेरीज, एक तृतीयांश किंवा जास्त असेल तर ते कुटुंब गरीब, अशी रचना आहे. त्यानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातलं प्रमाण २४.८५ वरून १४.९६ टक्क्यांवर आलं, महाराष्ट्रात सुमारे १४.८ वरून ७.८१ वर आणि गोव्यात ३.७६ वरून ०.८४ वर.

आता त्याच दोन फेऱ्यांतली महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची पानं उघडा. वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं ३४.४ टक्के होती, ती ३५.२ झाली. उंचीच्या मानाने लुकडी मुलं २५.६ टक्क्यांवरच राहिली. रक्तक्षय असलेली मुलं ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेली. म्हणजे घरांची गरिबी जवळपास निम्मी झाली, आणि त्याच घरांतल्या मुलांची अंगकाठी आहे तिथेच राहिली. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. शौचालय, गॅस, वीज, बँक खातं या गोष्टी घरात आल्या की निर्देशांक झपाट्याने सुधारतो. मुलाच्या ताटात काय आलं, हा त्यात एका निर्देशकाचा भाग.

घराचं मोजमाप मुलासाठी आणखी दोन ठिकाणी तोकडं पडतं. घरातलं शाळेच्या वयाचं एक मूल शाळाबाह्य असेल तर सगळं घर शाळेच्या बाबतीत वंचित धरतात. शाळेत जाणारा भाऊ आणि घरी राहणारी बहीण यांच्यात निर्देशांकाला फरक दिसत नाही. दुसरं असं की कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजन-उंची घेतात ती पाच वर्षांखालच्या मुलांची आणि पंधरा वर्षांपुढच्या स्त्री-पुरुषांची. मधल्या वयातल्या, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीच्या शरीराबद्दल तिथे काहीच नाही. या वयाची मोजमापं २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आहेत, पण ती राज्य पातळीवर थांबतात.

म्हणून गावपातळीवर मुलाचं माप स्वतःच बांधावं लागतं. त्यासाठी नवीन शोध लावायची गरज नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या डेव्हिड गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या तीव्र वंचना मोजल्या. सबीना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी आज जगभर वापरली जाणारी मोजणीची पद्धत मांडली. युनिसेफच्या इनोचेंती संशोधन केंद्राने २०१२ च्या सुमारास 'मोडा' ही मुलाला केंद्रस्थानी ठेवणारी चौकट आणली. खाली मी गणित अल्कायर-फॉस्टरचं घेतलं आहे आणि वयोगटांची शिस्त 'मोडा'ची. ही सरमिसळ बऱ्याच देशांनी केली आहे आणि ती कामाला येते.

पायरी १: यादी मुलांची, घरांची नाही

अठरा वर्षं पूर्ण न झालेलं प्रत्येक मूल ही एक ओळ. घराचा क्रमांक हा त्या ओळीतला एक रकाना. उलटं करू नका. घर ही ओळ धरून 'मुलांची संख्या' असा रकाना ठेवला की सगळी मुलं एका आकड्यात विरघळतात आणि नंतर ती वेगळी काढता येत नाहीत.

वयाचे तीन गट पुरेसे आहेत: ० ते ५, ६ ते १४ आणि १५ ते १७. मधला गट शिक्षण हक्क कायद्याशी जुळतो, शेवटचा गट योजनांच्या फटीत पडतो. अंगणवाडी संपलेली, सक्तीचं शिक्षण संपलेलं, मतदानाचं वय झालेलं नाही. या मुलांकडे कुणाचंच रजिस्टर नसतं, म्हणून त्यांना वेगळं ठेवा.

वय विचारताना 'किती वर्षांचा' यावर थांबू नका. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीचं रजिस्टर या क्रमाने बघा. काहीच नसेल तर सणांवरून या: होळीच्या आधी की नंतर, पोळ्याला किती महिन्यांचा होता. लहान बाळाच्या वयात दोन-तीन महिन्यांची चूक झाली तरी 'वयाच्या मानाने उंची' हा निकष पार चुकतो.

पायरी २: निर्देशक निवडा

पाच आयाम आणि प्रत्येकी दोन निर्देशक, असं सुरुवातीला धरून चला. पोषण-आरोग्य, शिकणं, पाणी-स्वच्छता, निवारा, आणि संरक्षण. प्रत्येक वयोगटाला आयाम तेच, पण आतले निर्देशक वयानुसार बदलतात.

लहान गटात पोषणासाठी दंडघेर सर्वांत सोपा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम. अंगणवाडीच्या भाषेत सॅम आणि मॅम. वजन-उंची घेणार असाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांशी ताडा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, त्यापुढे उभी उंची. दोन्हींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक येतो, म्हणून कोणतं माप कसं घेतलं ते लिहून ठेवा. दुसरा निर्देशक वयाप्रमाणे पूर्ण झालेलं लसीकरण.

'शिकणं' या आयामात दीड वर्षाच्या मुलाचं काय करायचं, इथे नवखे अडतात. शाळेचा प्रश्न त्याला लागू नाही म्हणून ते 'वंचित नाही' असं लिहिलं की सगळी लहान मुलं आपोआप श्रीमंत ठरतात. युनिसेफच्या सर्वेक्षणांत यासाठी एक चांगला प्रश्न आहे: गेल्या आठवड्यात मूल एक तासाहून जास्त वेळ एकटं, किंवा दहा वर्षांखालच्या दुसऱ्या मुलाच्या भरवशावर होतं का? मजुरीवर जाणाऱ्या आईच्या घरात या प्रश्नाला होकार येतो, आणि सांभाळणारं ते दुसरं मूल कोण, हेही त्याच वेळी कळतं. तीन ते पाच वर्षांसाठी अंगणवाडीत प्रत्यक्ष हजेरी घ्या. पटावरचं नाव नको.

सहा ते चौदा गटात दोन गोष्टी घ्या: गेल्या महिन्यात निम्म्याहून जास्त दिवस शाळेत गेलं का, आणि दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का. वाचनाची ही कसोटी 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहण्यांमुळे महाराष्ट्रात ओळखीची आहे. अर्थात ती आठ वर्षांपुढच्या मुलांनाच लावायची. मोठ्या गटात मूल शिक्षण किंवा प्रशिक्षण यांपैकी कशातच नाही का, आणि आठवी पूर्ण झाली का, एवढं पुरे.

पाणी, शौचालय, छप्पर, खोलीमागे माणसं हे निर्देशक घराचेच असणार. पाण्यासाठी जाऊन-येऊन तीस मिनिटं हा राष्ट्रीय निर्देशांकातला निकष घेता येतो. शौचालय 'आहे का' असं विचारू नका. आज सकाळी घरातलं प्रत्येक जण कुठे गेलं ते विचारा. शौचालयात कडबा भरलेला असतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त फॉर्मला माहीत नसतं.

संरक्षण हा आयाम बहुतेक तयार निर्देशांकांत नसतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जन्मनोंद झाली आहे का. मूल मजुरी करतं का. दोन्ही पालक वारले आहेत किंवा सोडून गेले आहेत का. मोठ्या गटात लग्न झालं आहे का, लावून दिलं आहे का. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं पाचव्या फेरीचा आकडा सांगतो. त्यामुळे हा प्रश्न अपवादाचा समजून वगळू नका.

एक नियम मात्र पाळा: निम्म्याहून जास्त निर्देशक खुद्द मुलाचे हवेत. दहापैकी आठ घराचे असले तर एका घरातली चारही भावंडं सारखीच दिसणार, आणि मग एवढी उठाठेव करण्यापेक्षा रेशनकार्ड काय वाईट होतं?

पायरी ३: गुण, रेषा आणि तीन आकडे

प्रत्येक आयामाला समान भार द्या, म्हणजे पाचांपैकी प्रत्येकाला २० टक्के आणि आतल्या प्रत्येक निर्देशकाला १० टक्के. भार यापेक्षा वेगळे ठेवायचे असतील तर कारण लिहून ठेवा. गावातल्या आयांना आणि किशोरींना 'यातलं सर्वांत वाईट काय' असं विचारलं तर चांगली चर्चा होते, पण दशांश चिन्हापर्यंत भार ठरवत बसू नका.

आता गणित. समजा एका पाड्यावर १० मुलं आहेत आणि दहा निर्देशकांपैकी त्यांच्या वंचना अनुक्रमे ०, १, १, २, २, ३, ४, ४, ५ आणि ८ आहेत. कुठलीही एक वंचना असली की मूल गरीब, असं धरलं तर दहांपैकी नऊ मुलं गरीब ठरतात आणि कुणाकडे आधी जायचं ते कळत नाही. सगळ्या वंचना एकत्र असल्या तरच गरीब, असं धरलं तर एकही मूल गरीब नाही. म्हणून मधली रेषा लागते. ती तीनवर धरू, म्हणजे ३० टक्के.

गरीब मुलं पाच, म्हणून प्रमाण ५० टक्के. या पाच मुलांच्या वंचनांची बेरीज २४, सरासरी ४.८, म्हणजे तीव्रता ४८ टक्के. दोन्हींचा गुणाकार ०.२४. हाच तुमचा निर्देशांक. प्रमाण सांगतं किती मुलं गरीब आहेत, तीव्रता सांगते ती किती खोलवर रुतली आहेत, आणि गुणाकारात दोन्ही येतात.

हा गुणाकार का लागतो, ते वर्षभराने कळेल. समजा तुमच्या कामामुळे तीन वंचनांचं मूल दोनवर आलं आणि रेषेबाहेर पडलं. दरम्यान आठ वंचनांच्या मुलाची शाळा सुटली, आणि ते कामाला लागलं, म्हणजे त्याच्या दहा झाल्या. आता गरीब मुलं चार, प्रमाण ४० टक्के. अहवालात 'गरिबीत दहा टक्के बिंदूंची घट' असं छापता येईल आणि देणगीदार खूश होतील. पण तीव्रता आता ५७.५ टक्के आहे आणि निर्देशांक ०.२३. म्हणजे परिस्थिती जवळजवळ तिथेच आहे, आणि सर्वांत वाईट अवस्थेतलं मूल आणखी खाली गेलं आहे. फक्त प्रमाणावर बक्षीस मिळत असेल तर कुठलीही संस्था रेषेजवळची मुलं आधी उचलणार. तिथे मेहनत कमी आणि निकाल लवकर. त्यामुळे तिन्ही आकडे एकत्र छापा, नेहमी.

यातून एक आणखी फायदा मिळतो. निर्देशांक निर्देशकांमध्ये वाटून बघता येतो. वरच्या पहिल्या वर्षात पाच गरीब मुलांपैकी चार कुपोषित असतील तर एकूण मुलांत ते ४० टक्के, त्याला भार १० टक्के, म्हणजे ०.०४. भागिले ०.२४ केलं की १६.७ टक्के. या पाड्यावरच्या बालगरिबीत कुपोषणाचा वाटा एवढा. असं प्रत्येक निर्देशकाचं केलं की पैसा कुठे टाकायचा ते ग्रामसभेत सांगता येतं.

रिकाम्या रकान्यांबद्दल एकच गोष्ट. उत्तर मिळालं नाही म्हणजे वंचना नाही, असं कधीही धरू नका. परत जा. गेलात तरी मिळालं नाही तर ती ओळ वेगळी ठेवा आणि किती ओळी वेगळ्या ठेवल्या ते छापा. उत्तर न देणारी घरं बहुधा सर्वांत अडचणीतली असतात.

पायरी ४: यादीत न येणारी मुलं

इथवरचं सगळं तुम्ही ज्यांच्यापर्यंत पोचलात त्यांच्याबद्दल आहे. सर्वांत वंचित मुलं बहुधा तुम्ही पोचता त्या दिवशी तिथे नसतात.

बीड, जालना, अहिल्यानगर, नंदुरबारच्या कित्येक गावांत दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी लहान मुलांना बरोबर नेतात. जानेवारीत त्या गावात सर्वेक्षण केलंत तर घराला कुलूप, आणि तुमच्या फॉर्मवर 'घर बंद'. तीच मुलं त्या वेळी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात कारखान्याच्या शिवारातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतात, आणि तिथल्या ग्रामपंचायतीच्या दृष्टीने ती 'आमच्या गावची नाहीत'. म्हणून स्थलांतराच्या गावात गणना निघण्याआधी करा, किंवा परतल्यावर. आणि तुम्ही कारखान्याच्या बाजूला काम करत असाल तर कोप्यांची वेगळी यादी करा. हंगामी वसतिगृहात कोण राहिलं आणि कोण बरोबर गेलं, हा रकाना ठेवला तर एका घरातल्या भावंडांतला फरक स्पष्ट दिसतो.

रायगड-पालघरच्या वीटभट्ट्यांवरची कातकरी कुटुंबं, रस्त्याच्या कामावरचे तंबू, पुलाखालच्या वस्त्या, आश्रमशाळेत आणि बालगृहात राहणारी मुलं यांचंही तसंच. घरोघरच्या सर्वेक्षणात ही मुलं कुठल्याच घराची सदस्य नसतात. त्यांच्यासाठी जागांची यादी करावी लागते, घरांची नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित आदिवासी जमाती मानल्या गेल्या आहेत. तुमच्या भागात त्यांची वस्ती असेल तर ती नमुन्यात येते की नाही हे नशिबावर सोडू नका, सगळी घ्या.

अपंगत्वाबद्दल 'मूल अपंग आहे का' असा प्रश्न विचारला तर जवळपास सगळीकडून 'नाही' येतं. आई लपवते असंही नाही. दाखला नाही म्हणून तिला तसं वाटतच नाही. वॉशिंग्टन गट आणि युनिसेफ यांनी तयार केलेली प्रश्नावली कार्यक्षमतेबद्दल विचारते: त्याच वयाच्या इतर मुलांच्या मानाने याला चालायला, ऐकायला, शिकायला, आठवायला किती अडचण येते? दोन ते चार आणि पाच ते सतरा असे तिचे दोन भाग आहेत.

आणि गेलेली मुलं. मुलाच्या ओळीवर आधारलेल्या मापात मेलेलं मूल नसतं. ज्या पाड्यावर जास्त बाळं दगावली तिथे उरलेली मुलं तुलनेने धडधाकट दिसू शकतात आणि निर्देशांक चक्क सुधारतो. म्हणून गेल्या पाच वर्षांतले बालमृत्यू वेगळ्या तक्त्यात घ्या आणि निर्देशांकाशेजारी छापा. त्यासाठी सरकारी रजिस्टरवर विसंबू नका. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या इतर संस्थांनी मिळून बालमृत्यू प्रत्यक्ष गावांत मोजले, तेव्हा सरकारी नोंदींपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले होते. दाई, आशा आणि स्मशानाजवळ राहणारी माणसं यांच्याकडून ही माहिती मिळते. ती विचारायला बाईनेच जावं.

पायरी ५: 'सर्वांत वंचित' कुणाला म्हणायचं

तीन चाळण्या लावा. पहिली गुणांची: दहापैकी पाच किंवा जास्त वंचना असलेली मुलं. दुसरी लाल खुणांची. काही गोष्टी अशा असतात की बाकी सगळं ठीक असलं तरी मूल यादीत वर यायलाच हवं: तीव्र कुपोषण, दोन्ही पालक नसणं, धोक्याची मजुरी, ठरलेलं किंवा झालेलं लग्न, अपंगत्व असूनही कुठलीच सेवा नाही, घरात मारहाण किंवा अत्याचार. सरासरीचं गणित अशा मुलाला बुडवतं, कारण त्याच्या घरी गॅस, शौचालय आणि पक्कं छप्पर असतं. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' याची व्याख्या आहे. आपल्या खुणा तिच्याशी जुळवून घेतल्या तर पुढे बालकल्याण समितीसमोर प्रकरण मांडणं सोपं जातं.

तिसरी चाळणी माणसांची. अंगणवाडी सेविका, आशा, एखादी शिक्षिका आणि बचत गटातल्या दोन बायका यांना वेगवेगळं विचारा: तुमच्या मते या वस्तीत सर्वांत हालात कोणती मुलं आहेत? त्यांची नावं तुमच्या यादीशी ताडा. दोन्हींत असलेली नावं पक्की. त्यांनी सांगितलं पण तुमच्या यादीत नाही, अशा प्रत्येक मुलाकडे परत जा. तुमच्या यादीत आहे पण कुणीच सांगितलं नाही, अशांकडे तर आधी जा. गावाच्या नजरेआड असलेलं मूल तिथेच सापडतं. ही विचारपूस ग्रामसभेत करू नका. सभेत नावं जातीच्या आणि गटाच्या हिशेबाने येतात.

विचारताना

संमती पालकाची घ्या आणि सात-आठ वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येणारी संमती लागते. मोबाइलवर फॉर्म भरत असाल तर ते गृहीत धरा. आधार क्रमांक घेऊ नका, लागत नाही. नाव एका फाइलमध्ये आणि उत्तरं दुसऱ्या फाइलमध्ये, मधे फक्त क्रमांक. पहिली फाइल एकाच माणसाकडे.

अत्याचाराबद्दल काही कळलं तर ते 'गोपनीय माहिती' म्हणून फॉर्ममध्ये ठेवता येत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार असा अत्याचार कळवणं बंधनकारक आहे. सर्वेक्षकांना हे पहिल्याच प्रशिक्षणात सांगा, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये असू द्या. कुणाला कळवायचं, मुलाला त्या रात्री कुठे ठेवायचं, हे बाहेर पडण्याआधी ठरलेलं हवं.

सर्वांत वंचित मुलांची यादी चावडीवर किंवा शाळेच्या फलकावर कधीही लावू नका. लाभार्थ्यांची यादी लावायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

छापण्याआधीची तपासणी

रेषा तीनवरून दोनवर आणि चारवर नेऊन बघा. गावांचा क्रम साधारण तोच राहिला तर माप भक्कम. पहिलं गाव एकदम आठवं झालं तर निर्देशकांत काहीतरी चुकलं आहे. बहुधा दोन निर्देशक एकच गोष्ट दोनदा मोजत असतात. प्रत्येक गावातल्या काही घरांना दुसऱ्या सर्वेक्षकाला पाठवा आणि वय, दंडघेर, शाळेतली हजेरी ही तीन उत्तरं जुळतात का पाहा. ही तीन जुळली की बाकीची बहुतेक जुळतात.

यादी झाल्यावर

प्रत्येक नावापुढे एक माणूस, एक सेवा आणि एक तारीख लिहा. तीव्र कुपोषित बाळ असेल तर अंगणवाडी सेविका, आणि त्याला ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायचं की पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. पालक नसलेलं मूल असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात कोण देणार. ऊसतोडीला जाणारं मूल असेल तर शिक्षण हमी कार्ड टोळी निघण्याआधी कोण देणार. ग्राम बाल संरक्षण समिती बऱ्याच गावांत कागदावर असते. यादीतली पाच-सात नावं घेऊन सरपंचांकडे गेलात तर ती बैठकीला बसायची शक्यता वाढते, नुसती टक्केवारी नेली तर नाही.

पुन्हा मोजायचं तर त्याच महिन्यात, त्याच व्याख्यांनी. जूनमध्ये मोजून पुढच्या वेळी डिसेंबरमध्ये मोजलं तर तुम्ही पावसाळा आणि स्थलांतर मोजाल. नावं मात्र वर्षभर थांबू शकत नाहीत. ती दर महिन्याला बघायची, आणि एखादं मूल यादीतून काढायचं ते अर्ज केला म्हणून नाही, तर सेवा प्रत्यक्ष सुरू होऊन तीन महिने टिकली तर. गाव सोडून गेलेल्या मुलाचं नाव तर काढायचंच नाही. ते कुठे गेलं आणि तिथल्या अंगणवाडीला किंवा शाळेला कुणी कळवलं, एवढं त्याच्या ओळीत लिहायचं.